भोंगेकाकांना सांगायचं राहिलं

भोंगेकाकांचं खरं नाव विचाराल तर वस्तीतल्या निम्म्या लोकांना ते सांगता येणार नाही, आणि उरलेले निम्मे छातीठोकपणे चुकीचं सांगतील. भोंगेकाका म्हटलं की मात्र शेंबडं पोरही बोट दाखवेल. वस्तीच्या समितीची जुनी व्हॅन, तिच्या टपावर बांधलेला कर्णा, आणि आत माइक धरून बसलेले काका, हे वस्तीनं इतकी वर्षं पाहिलं होतं की इथं लग्न होऊन आलेल्या सुना रस्ते ओळखायच्या आधी काकांचा आवाज ओळखायला शिकल्या. माणूस अंगानं काडीपैलवान. शर्ट खुंटीला टांगावा तसा खांद्यावर टांगलेला. आणि आवाज असा, की तिसऱ्या गल्लीत झोपलेलं मूल दचकून उठावं आणि त्याच्या आईला मात्र राग येऊ नये. एवढ्याशा देहात एवढा आवाज कोंबला कुठं, असं कोपऱ्यावरचा न्हावी त्यांची दाढी करताना नेहमी म्हणायचा.

वर्षभराचं काम तसं किरकोळ. पाणी येणार नाही, कोणाचं कुत्रं हरवलंय, लस टोचायला परिचारिका आलीय. खरा हंगाम पानगळीचा. उन्हाळ्यात माणसं घामानं बेजार आणि थंडीत दाराबाहेर पाय टाकायला राजी नाहीत. मधल्या या दिवसांत मात्र वस्तीला एकदम उत्साहाचं भरतं यायचं. रस्त्यावरची पानं गोळा करायचा रविवार, उबदार कपड्यांची अदलाबदल, डोळ्यांची तपासणी, बुद्धिबळाच्या स्पर्धा, बिघडलेली घड्याळं आणि पंखे दुरुस्त करायचा दिवस, मुलांची नाटुकली, आणि सगळ्यात शेवटी, झाडं पार उघडी पडली की सभागृहात सगळ्या वस्तीचा मेळावा. हे सगळं लोकांच्या कानावर घालायचं म्हणजे काकांना श्वास घ्यायला फुरसत नसायची.

आणि घालायचं म्हणजे कसंही नाही. आपल्या कामात ते भलतेच कडक होते. प्रत्येक कोपऱ्यावर थांबायचं, इंजिन बंद करायचं, आणि मगच माइक तोंडाशी न्यायचा. आधी वार, मग जागा, मग वेळ, आणि काय आहे ते सगळ्यात शेवटी. "काय ते आधी सांगितलं की लोक म्हणतात, हं, कळलं, आणि खिडकी लावून घेतात. वार सांगितला की खिडकीशी येतात. तिथं आले की मग सांगायचं." हे ते कोणीही न विचारता सांगत. सगळं दोनदा बोलायचं, कारण पहिल्यांदा माणूस आवाज ऐकतो आणि दुसऱ्यांदा शब्द. एकदा समितीच्या कोणीतरी वेळ वाचवायला म्हणून चालत्या गाडीतून बोला असं सुचवलं, तर काकांनी माइक त्याच्या हातात दिला आणि सरळ घरी निघून गेले. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत या बाबतीत.

बाहेर भोंगा आणि घरात मुका, अशी त्यांची गत होती. घरी बोलायचं काम बायकोचं. ती दिवसभराचं सगळं सांगायची, हे हं-हं करायचे. मात्र नवी घोषणा आली की आधी स्वयंपाकघरात तिच्यासमोर म्हणून दाखवायची. ती पाठमोरी, हात कामात, आणि कान इकडे. "वेळ नीट कळली नाही. परत," म्हणायची. हे परत म्हणायचे. खालच्या मजल्यावर शिवणवाल्या ताईंचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत त्यांचं घर. काकांचा सराव फार रंगला की ताई कापड मापायची पट्टी छताला ठोकायच्या. त्यावर वरची दोघं हसायची, आणि काका आवाज तसूभरही कमी करायचे नाहीत. मेळाव्याच्या दिवशी सभागृहात अॅम्प्लिफायरजवळच्या कोपऱ्यात दोन खुर्च्या या नवराबायकोच्या. दर वर्षी त्याच.

मागच्या पानगळीत ती गेली. आजारपण थोडक्यात आटोपलं. मुलगी लांबून आली, काही दिवस राहिली, भांडीकुंडी आवरली, बाबांना बरोबर चला म्हणाली. काका म्हणाले, "इथलं कोण सांगेल मग लोकांना?" त्या हंगामाची राहिलेली कामं त्यांनी केली, आणि चोख केली. फक्त सराव रिकाम्या स्वयंपाकघरात करावा लागला. परत म्हणा असं सांगायला कोणी नव्हतं, तरी ते दोनदाच म्हणायचे.

आणि यंदा, पानं नुकती पिवळी पडू लागली होती तेव्हा, औषधवाल्या बाई घरी आल्या. औषधांचं दुकान त्यांचं, आणि समितीच्या चिटणीसही त्याच. बाई मनानं चांगल्या. येताना फळं आणली होती. फळं पाहिली तेव्हाच काकांनी काय ते ओळखलं. आजारी नसलेल्या माणसाला कोणी फळं आणून दिली की समजावं, काहीतरी कापायचंय.

"काका, तुम्ही किती वर्षं धावपळ केलीत," बाई म्हणाल्या. "आता या वयात नको. व्हॅनही खर्चाला भारी पडते. आता वस्तीचा फोनवर गट केलाय. मी एकदा लिहिलं की एका क्षणात सगळ्यांना कळतं."

"उत्तम," काका म्हणाले.

"वाईट नाही ना वाटलं?"

"छे. वाईट काय वाटायचंय. सोय झाली."

"तुमचा नंबर टाकते गटात."

"माझा फोन बटणांचा आहे," काका म्हणाले. "बोलता येतं त्यावर. पुरे आहे."

बाई म्हणाल्या, असू दे, तुम्हाला कोणीही सांगेल. आणि गेल्या. बाईंचं ते वाक्य मनापासून होतं, खोटं नव्हतं. पण 'कोणीही' नावाचा माणूस वस्तीत राहत नाही, ही एवढीशी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही.

मुलीनं फोनवर सांगितलं, बाबा, मी चांगला फोन पाठवते, शिकाल तुम्ही. काकांनी साफ नाही म्हटलं. खरं कारण त्यांनी तिला सांगितलं नाही, आपल्याला सांगायला हरकत नाही. त्यांना वाटायचं, ज्या माणसानं जन्मभर सगळ्यांना सांगितलं, त्याला कोणीतरी दारात येऊन तोंडानं सांगावं. एवढंच. मागून घेतलेलं सांगणं नको. कोणी म्हणेल, हा हट्ट झाला. होताच हट्ट. म्हातारपणी माणसाकडे दुसरं असतं काय?

हंगाम सुरू झाला, आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तो काय, हे काकांना कळायला लागलं. पानं गोळा करायचा रविवार त्यांना कळला तो खिडकीतून, लोक झाडू आणि पोती घेऊन निघालेले दिसले तेव्हा. ते घाईघाईनं खाली उतरले तर अर्धा रस्ता झाडून झाला होता. "काका, आज उशीर?" कोणीतरी म्हणालं. काका म्हणाले, "जरा डोळा लागला होता." उबदार कपड्यांची अदलाबदल कळली ती चार दिवसांनी, समोरचा इस्त्रीवाला नवीन कोट घालून दिसला तेव्हा. तो त्यांच्या बायकोच्या मैत्रिणीच्या नवऱ्याचा कोट होता, काकांनी बटणांवरून ओळखला. बायकोची लोकरीची जाड शाल त्यांनी घडी करून मुद्दाम या दिवसासाठी ठेवली होती. ती तशीच राहिली. डोळ्यांची तपासणी तर कधी झाली आणि कधी संपली पत्ताच नाही. आणि गंमत म्हणजे वस्तीत डोळे तपासून घ्यायची सगळ्यात जास्त गरज त्यांनाच होती.

विचारायचं म्हटलं तर कितीतरी जण भेटत. दूधवाला, न्हावी, जिन्यात शिवणवाल्या ताई. "पुढं काय आहे हो?" एवढंच तर म्हणायचं. पण तोंडाशी आलेले शब्द ते गिळायचे. भोंगेकाकांनी 'काय चाललंय' म्हणून दारोदार विचारत फिरायचं? आणि लोकांचंही बघा, कोणालाच त्यांना सांगावंसं सुचायचं नाही. सूर्याला कोणी उजाडल्याचं सांगायला जातं का? वस्तीतली प्रत्येक गोष्ट काकांना सगळ्यांच्या आधी ठाऊक असते, हे लोकांच्या अंगवळणी पडलेलं होतं. व्हॅन भंगारात गेली तरी सवय भंगारात जात नाही.

दिवस लहान होत गेले. संध्याकाळी पाच वाजता दिवा लावावा लागायचा. काका एका माणसाचा चहा करायचे आणि तो कायम जास्त व्हायचा, हाताला दोघांचं माप बसलेलं. उरलेला चहा थोड्या वेळानं गरम करून प्यायचे. एकेक दिवस असे जायचे की दूधवाल्याला 'अर्धा लिटर' म्हटलं ते सोडून तोंडातून शब्द निघायचा नाही. मग एखाद्या सकाळी आवाज आहे की गेला ते बघायला ते मोठ्यानं वार म्हणायचे. "मंगळवार." भिंतीवरून आवाज परत यायचा. आवाज शाबूत होता. ते जास्तच लागायचं.

झाडं उघडी पडायला आली तसं त्यांचं सगळं लक्ष एका गोष्टीकडे लागलं. मेळावा. बाकीचं जाऊ दे चुलीत, पण मेळाव्याचं तरी कोणी सांगेल. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं: बोलावणं आलं तर कोपऱ्यातल्या त्याच खुर्चीवर जाऊन बसायचं, बाजूच्या खुर्चीवर तिची शाल ठेवायची. नाही आलं, तर जायचं नाही. पाय मोडले तरी जायचं नाही. जिन्यावर पाऊल वाजलं की ते उठून उगीच शर्ट नीट करायचे. पाऊल शिवणवाल्या ताईंच्या दारापर्यंत येऊन थांबायचं.

त्या आठवड्यात ते दाढीला गेले. न्हाव्यानं फेस लावता लावता डोळा मारला.

"काका, आज नीट करतो. शनिवारी तोंड चकचकीत पाहिजे."

काकांच्या मानेखालचा टॉवेल एकदम जड झाला. शनिवारी. म्हणजे मेळावा शनिवारी. काकांनी फक्त विचारावं, कोणता शनिवार, काय आहे, आणि काम फत्ते. पण न्हाव्याचा तो डोळा. काकांना वाटलं, हा आपल्याला चिडवतोय. आपल्याला ठाऊक नाही हे याला ठाऊक आहे, आणि हा मजा बघतोय.

"हो हो," काका म्हणाले. "माहीत आहे मला."

"सगळं माहीत आहे?"

"तर. मला माहीत नसेल तर कोणाला असणार?"

"मग काय," न्हावी म्हणाला, "तुमच्यापासून काही लपत नाही बुवा." आणि त्यानं दाढीचे पैसे घेतले नाहीत. काकांनी तीही थट्टाच समजली आणि नोट आरशासमोर ठेवून निघून आले. इकडे न्हाव्यानं त्याच संध्याकाळी औषधवाल्या बाईंना सांगितलं, काकांना कळलंय, काळजी नको. बाईंच्या मनावरचं ओझं उतरलं. त्यांना दोन-तीनदा वाटलं होतं, आपण स्वतः जाऊन यावं. आता गरज उरली नाही.

शनिवार उजाडला तसा काकांनी सकाळीच आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला. घातला आणि स्वतःवरच चिडले, पण काढला नाही. दुपार गेली. ऊन भिंतीवरून सरकत छतापर्यंत गेलं आणि विझलं. खाली शिवणाचं मशीन थांबलं, कुलूप वाजलं. काकांनी खिडकीतून पाहिलं, शिवणवाल्या ताई ठेवणीतले कपडे घालून निघाल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. त्यांच्या मागून अख्खी गल्ली निघाली, पोरंबाळं, म्हातारे, हातात हात घालून नवीन जोडपी. इस्त्रीवाला तो कोट घालून. काका पडद्याआड सरले, कोणी पाहू नये म्हणून. मग थोड्या वेळानं परत पुढे आले, कोणीतरी पाहावं म्हणून. तोवर रस्ता मोकळा झाला होता.

सभागृह हाकेच्या अंतरावर. माइक सुरू झाला आणि पहिल्यांदा कर्कश शिट्टी वाजली. "कर्ण्यासमोर उभा राहिलाय गाढव," काका अंधाऱ्या खोलीत मोठ्यानं म्हणाले. मग कोणीतरी बोलायला लागलं, पण घाईत, एकदाच, शब्दावर शब्द चढलेले. काही कळेना. लोक हसले. टाळ्या झाल्या. काका उठले, खिडकी घट्ट लावली, कडी घातली आणि पलंगावर पडून भिंतीकडे तोंड केलं. त्यांना रडू आलं. ते रडले. बायको गेली तेव्हा पाहुण्यांची सरबराई करण्यात जे राहून गेलं होतं, तेही त्यातच उरकलं.

बऱ्याच वेळानं दार धडधडलं. दारात न्हावी, धापा टाकत.

"अहो काका, तुम्ही इथं? तिकडे सगळी वस्ती तुमच्यासाठी बसलीय. माइकवरून नावानं हाका मारून घसा बसला आमचा."

"माझ्यासाठी कशाला?"

"कशाला म्हणजे? तुमचा सत्कार आहे. आजचा मेळावा तुमच्यासाठीच ठेवलाय."

"मला कोणी सांगितलं नाही," काका म्हणाले.

न्हावी त्यांच्याकडे बघतच राहिला. "तुम्हीच म्हणालात, माहीत आहे."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. ते पायात चपला सरकवून मुकाट्यानं निघाले. शाल घ्यायची राहिली ती राहिलीच.

सभागृहात पोचेपर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. पोरं भुकेजली, म्हाताऱ्यांना थंडी वाजायला लागली, थांबणार किती? समोर टेबलावर त्यांचा तो व्हॅनवरचा कर्णा घासूनपुसून मांडला होता. त्याला टेकवून काकांचा फोटो. पुढे फुलं. माणूस गेल्यावर मांडतात अगदी तसं. काका क्षणभर थबकले, आपण वेळेवर आलो की उशिरा, हेच त्यांना कळेना. औषधवाल्या बाईंचं भाषण करून झालं होतं, मधल्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बघत केलेलं. बाईंचा चेहरा पार उतरला होता. "काका, मला वाटलं कोणीतरी..." एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या तोंडावर तेच होतं. मला वाटलं कोणीतरी.

मग फुलं हातात दिली, पुन्हा टाळ्या झाल्या, आणि माइक पुढे आला. दोन शब्द बोला, काका.

इतकी वर्षं माइक धरला, पण स्वतःचं असं एक वाक्य त्यात कधी बोलले नव्हते. आभार मानायचे असतात हे ठाऊक होतं, ते कसे मानायचे ते आठवेना. समोर तोंडं वाट बघत होती. त्यांनी माइक तोंडापासून योग्य तेवढा लांब धरला, आणि आवाज आपला आपण निघाला.

"रविवार. उद्याचा रविवार. पाण्याच्या टाकीमागची गल्ली, शिवणाच्या दुकानावरचा मजला. सकाळपासून दिवे लागेपर्यंत केव्हाही. चहा आहे. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून ठेवलाय. ज्यांना सवड असेल त्यांनी यावं. येताना काही आणू नये."

सभागृह खो-खो हसलं. काय पण काका, सत्कारातही घोषणा. टाळ्या सुरू झाल्या, पण काका थांबले नव्हते. सगळं दोनदा सांगायचं असतं. त्यांनी पुन्हा वारापासून सुरुवात केली, तोच वेग, तोच सूर. 'घरात बोलायला कोणी नाही'पाशी या वेळी हसू विरलं. औषधवाल्या बाईंनी डोळ्याला पदर लावला, मग माइक घेऊन म्हणाल्या, "काका, आम्ही सगळे येणार." सगळे हो म्हणाले. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, खुर्च्या पुरायच्या नाहीत तुम्हाला. काकांनी मान हलवली. घरी जाताना खरंच त्यांना खुर्च्यांचीच चिंता लागली होती.

रविवारी ते पहाटेच उठले. खोली झाडली, पलंगावर स्वच्छ चादर घातली म्हणजे तिथं चौघं बसतील, पत्र्याची पेटी भिंतीला लावली म्हणजे तिथं दोघं. फळीवरचे पाहुण्यांचे कप उतरवून धुतले आणि रांगेनं उपडे घातले. दूधवाल्याला चार लिटर सांगितलं तेव्हा तो हसला, आणि काकांनी त्यालाही ये म्हटलं. दार सताड उघडं ठेवून, त्याला वीट लावून, ते समोर बसले.

तिकडे फोनवर काय चाललं होतं ते कळायची काकांना सोय नव्हती. आपल्याला आहे. सकाळी सकाळी बाईंनी लिहिलं, काकांकडे जायला विसरू नका. खाली हात जोडलेले, फुलं, हृदयं, ही रांग. मग कोणीतरी समंजसपणे लिहिलं की काकांची खोली लहान आहे, सगळे एकदम गेलो तर त्यांना त्रास होईल. बरोबर आहे, दुसऱ्यानं लिहिलं, आज बाकीचे जाताहेत तर आम्ही पुढच्या रविवारी जाऊ. आम्हीही पुढच्या. आज म्हाताऱ्यांना जाऊ दे. म्हातारे म्हणाले, जिना उभा आहे, आज तरुणांना जाऊ दे. बाईंना दुकान सोडता आलं नाही, आणि त्यांना वाटलं, एवढे जण गेलेच असतील. एकाच्याही मनात खोट नव्हती. सगळे काकांचाच विचार करत होते, आणि दिवस बुडेपर्यंत करत राहिले.

काकांनी दूध तीनदा तापवलं, फाटू नये म्हणून. दुपारी जेवायला बसले नाहीत, जेवताना कोणी आलं तर बरं दिसणार नाही म्हणून. रस्त्यावर कोणाचा आवाज आला की पाणी चुलीवर चढवायचे आणि आवाज पुढे गेला की उतरवायचे. वाऱ्यानं एक-दोन वाळकी पानं जिन्यातून आत आली, ती त्यांनी उचलून बाहेर टाकली. सूर्य गेला. दिवे लागेपर्यंत असं आपणच सांगितलं होतं, म्हणून त्यांनी दिवा लावायला मुद्दाम उशीर केला. अंधार फार झाला तेव्हा उठले, आणि दाराची वीट काढायला वाकले.

तेवढ्यात जिन्यावर पाऊल वाजलं. ताईंच्या दारापाशी थांबलं नाही, कारण ते तिथूनच निघालं होतं. शिवणवाल्या ताई, गळ्यात मापाची फीत तशीच, उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्या वर कधी आल्या नव्हत्या.

"सकाळपासूनच यायचं होतं," त्या म्हणाल्या. "पण म्हटलं एवढी माणसं येणार, तुमची एवढीशी जागा. मशीनच्या आवाजात येणारे-जाणारे कळत नाहीत. गर्दी ओसरली की जाऊ, म्हणून थांबले होते."

काकांनी मागे वळून पाहिलं. पलंगावरच्या चादरीला सुरकुती नव्हती. कप सकाळी घातले तसेच उपडे होते.

"ओसरली," ते म्हणाले. "आत्ताच ओसरली. या, बसा."